ऑक्टाव्हिया आरएस: कंपनीचा एअर फिल्टर ठेवावा की बाहेरचा बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, साठेक हजार किलोमीटर चाललेली, वॉरंटी संपलेली. रोज मोशी ते चाकण, सुट्टीला ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर. लवकरच स्टेज वन रिमॅप करायचा आहे, म्हणजे भाग तेच ठेवून इंजिनच्या संगणकाचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवायची आहे. एक दुकानदार म्हणतो, आधी कंपनीचा कागदी फिल्टर काढा आणि कोन फिल्टर लावा, नाहीतर रिमॅपचे पैसे वाया. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, बाहेरचं काही लावलंत तर इंजिनची जबाबदारी तुमची. शेवटी तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्यात: गॅरेजवाला दर वेळी फिल्टरला हवा मारून देतो ते चालतं का, आणि पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना काही काळजी घ्यावी का.

आधी निकाल सांगतो. स्टेज वनपर्यंत कागदी फिल्टरच ठेवा, कंपनीच्याच डब्यात, आणि पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. मात्र हा सल्ला तुमच्या गाडीसाठी आणि तुमच्या रस्त्यासाठी आहे. हीच गाडी कुणी दक्षिण मुंबईत ठेवून फक्त ट्रॅकसाठी बाहेर काढत असेल, तर त्याला मी कदाचित वेगळं सांगेन. म्हणून हिशेब कसा केला तेही लिहितो. उद्या टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदललात तर तोच हिशेब तुम्हाला पुन्हा मांडता येईल.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात बरीच वर्षं टर्बो पेट्रोल गाड्यांचं काम करतोय. फिल्टरवरून होणारे बहुतेक वाद ऐकले की लक्षात येतं, लोक एकाच वस्तूकडून तीन कामं मागत असतात. हवा कमीत कमी अडावी, धूळ जास्तीत जास्त अडावी, आणि आत जाणारी हवा थंड असावी. यातलं तिसरं फिल्टरच्या हातात नसतंच, ते डब्याच्या आणि पुढच्या नळीच्या हातात असतं. शिवाय दुकानात ‘बाहेरचा फिल्टर’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, कंपनीच्या डब्यात जसाच्या तसा बसणारा चपटा ड्रॉप-इन. दुसरा, डबाच काढून नळीच्या तोंडाला बसवलेला उघडा कोन. पहिल्याने फायदा-तोटा दोन्ही थोडेच. दुसऱ्याने इंजिनला मिळणारी हवाच बदलते.

अडथळ्यापासून सुरू करू. २३० पीएस काढताना तुमचं इंजिन मिनिटाला साधारण नऊ-दहा घनमीटर हवा ओढतं. नवा कागदी फिल्टर, डबा आणि नळी मिळून त्या वेळी सर्वसाधारणपणे एक ते दोन किलोपास्कल दाब खातात. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे हा अडथळा एक-दोन टक्क्यांचा झाला. त्यातलाही सगळा कागदाचा नसतो. ग्रिलमागची अरुंद नळी, तिची वळणं, डब्यापासून टर्बोपर्यंतचा पाईप, हे सगळे आपापला वाटा उचलतात. जगातला सगळ्यात मोकळा फिल्टर बसवलात तरी तो फक्त स्वतःचा वाटा कमी करणार.

आता हा आकडा घाटाशेजारी ठेवून बघा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मुंबईहून खंडाळा चढून पुण्यात आलात की सहा किलोपास्कल गेलेच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर, तिथे ८६. म्हणजे शनिवारी तुम्ही वाईहून पसरणी चढता तेव्हा इंजिन जेवढा दाब गमावतं, तो फिल्टर बदलून वाचणाऱ्या दाबाच्या कितीतरी पट असतो. तरीही वर गाडी मेल्यासारखी होत नाही.

याचं कारण टर्बो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजत असतो आणि ठरलेला दाब मिळेपर्यंत वेस्टगेट (टर्बोला टाळून धूर सोडणारी झडप) बंद ठेवून टर्बोला जास्त फिरवतो. उदाहरण म्हणून मॅनिफोल्डमध्ये एकूण २.२ बार (२२० किलोपास्कल) हवेत असं धरू. पुण्यात फिल्टरचा अडथळा शून्य मानला तर टर्बोला हवा २.३२ पट दाबावी लागते. दीड किलोपास्कलचा अडथळा धरला तर २.३५ पट. महाबळेश्वरात तोच आकडा २.६ होतो. २.३२ आणि २.३५ मधला फरक टर्बो सहज पचवतो. तुम्हाला सीटवर बसून तो कळणारही नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आरएस २३० मधला आयएचआयचा आयएस-२० टर्बो लहान आहे. खालून पटकन उठतो, पण साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे दमतो. स्टेज वननंतर तर तिथे शिल्लक फारशी उरतच नाही. अशा टोकाला मोकळ्या फिल्टरने दोन-चार घोडे जास्त मिळू शकतात. दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. पण रिमॅपने गाडी ३०० च्या आसपास जाणार असताना या दोन-चार घोड्यांवाचून रिमॅपचे पैसे वाया जातात, हे काही मला पटत नाही. चाकणच्या सिग्नलपर्यंत तुम्ही साडेपाच हजारांच्या पुढे किती वेळ असता हाही प्रश्न आहेच.

टर्बो नसलेल्या गाडीत हे गणित सरळ असतं. जुनी होंडा सिटी व्हीटेक घ्या: तिथे एक टक्का दाब वाचला तर वरच्या आरपीएमला साधारण एक टक्का ताकद मिळते, कारण भरपाई करायला कुणी नाही. फिल्टर बदलून गाडी बदलली असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण तो आवाज ऐकून सांगत असतात. उघड्या फिल्टरमधून हवा ओढल्याचा घोगरा आवाज आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना टर्बोची शिट्टी आली की गाडी वेगवान वाटतेच. आवाजासाठी कुणी कोन लावत असेल तर माझी हरकत नाही, फक्त कशासाठी लावतोय ते आधी स्वतःशी नक्की करावं.

माझ्यावरही विश्वास ठेवायची गरज नाही, हे मोजता येतं. हार्डवेअरच्या दुकानातून दोन-तीन मीटर पारदर्शक नळी आणा. फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा आणि तळाशी रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक फिल्टरच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या भागाला जोडा. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर दोन बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटर फरक पडला तर तो साधारण एक किलोपास्कल. नळीचे दोन्ही हात चांगले हातभर उंच ठेवा आणि इंजिनकडच्या बाजूला मध्ये एक रिकामी बाटली घाला, म्हणजे पाणी ओढलं गेलं तरी टर्बोत जाणार नाही. हे डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) करा, रस्त्यावर नको. एकदा फिल्टरसकट मोजा. मग एकाच धावेपुरता फिल्टर काढून, डबा बंद करून पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे जगातला कुठलाही फिल्टर तुम्हाला जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याची मर्यादा. बहुतेकांचा फिल्टर घेण्याचा उत्साह इथेच ओसरतो. धूळ उडत असलेल्या शेडमध्ये फिल्टर काढायचा नाही हे वेगळं सांगायला नको, आणि नळीसाठी भोक पाडलं असेल तर ते नीट बुजवा. फिल्टरच्या पुढचं उघडं भोक म्हणजे धुळीला दिलेली चोरवाट.

आता तापमान. उघड्या कोनाला माझा खरा विरोध याच मुद्द्यावर आहे. कंपनीचा डबा पुढच्या ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. कोन बोनेटखाली बसतो आणि रेडिएटरवरून, टर्बोच्या आसपासून आलेली गरम हवा ओढतो. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता साधारण एक टक्क्याने घटते. एप्रिलमध्ये भोसरीच्या चौकात गाडी रांगेत उभी असेल तर बोनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी सहज जास्त असते. फिल्टर मोकळा करून एक टक्का मिळवला आणि गरम हवेने सहा टक्के घालवले, असा तो व्यवहार होतो. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) यातलं बरंच सावरतो, पण सगळं नाही. टर्बोत शिरणारी हवा १५ अंश जास्त गरम असेल तर बाहेर पडताना ती साधारण २० अंश जास्त गरम असते. इंटरकूलरवरचा भार वाढतो, इंजिन ठोकायला लागू नये म्हणून ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि पिकअप गेला असं तुम्हाला वाटतं. गाडी वेगात असताना हा तोटा बराच कमी होतो हे खरं. पण तुमचा रोजचा रस्ता नाशिक हायवेचा आहे, आणि तिथली सकाळ कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

दुकानात डायनोचा कागद दाखवतील, त्यात कोन लावल्यावर ताकद वाढलेली दिसेल. तो कागद बघताना एवढंच विचारा: बोनेट उघडं होतं की बंद? बहुतेक ठिकाणी बोनेट उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावतात. कोनाला तेव्हा जी थंड हवा मिळते ती रस्त्यावर कधीच मिळत नाही. बोनेट बंद करून, गाडी चांगली तापवून सलग तीन-चार धावा घेतलेल्या असतील तर त्या आकड्यांवर मी बोलेन. आणि अशा धावांत बंद डब्यातल्या, बाहेरून हवा घेणाऱ्या महागड्या कार्बनच्या किट चांगल्या उतरतात हेही मान्य करतो. त्यांची किंमत ऐकून मात्र घरात चर्चा करावी लागते.

धुळीचा मुद्दा तुमच्या बाबतीत सगळ्यात जड आहे, म्हणून इथे जरा थांबतो. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ११ किलो हवा लागते, म्हणजे नऊ घनमीटरच्या आसपास. गाडी लिटरला दहा देते असं धरलं तर दहा हजार किलोमीटरला हजार लिटर पेट्रोल आणि नऊ हजार घनमीटर हवा. आपल्याकडे हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. रस्त्यावर त्याच्या दुप्पट धूळ धरली तरी नऊ हजार घनमीटरमध्ये ती दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. शहरातल्या डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत धूळ एवढीशीच असते, आणि तिथे ड्रॉप-इन लावणाऱ्याचं इंजिन लवकर झिजलेलं दिसत नाही ते याच कारणाने.

मोशीचा हिशेब वेगळा. दगडखाणी, क्रशर, न झाकलेले डंपर, आणि रस्त्याच्या कडेला कायम काहीतरी खोदलेलं. डंपरच्या मागे काचा वर करून जाताना समोर जो पडदा दिसतो, त्यातली धूळ वर धरलेल्या आकड्याच्या पन्नासपट असली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. शिवाय ती आपल्या काळ्या दगडाची भुकटी. बेसाल्टमधली मुख्य खनिजं, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, ही कडकपणात साध्या लोखंडाला भारी पडतात. बांधकामाच्या वाळूतलं क्वार्ट्झ तर त्याहून कडक. इंजिनचं नुकसान मोठ्या खड्यांनी होत नाही, ते कुठलाही फिल्टर अडवतो. रिंग, सिलिंडरची भिंत आणि बेअरिंगवरच्या तेलाच्या थराची जाडी काही मायक्रॉनांची असते, आणि पाच ते वीस मायक्रॉनचे कण तिथे नेमके घुसून घासतात. त्याआधी ते टर्बोच्या पात्यांवर आदळतात. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या पात्यांच्या कडा अशा धुळीने बोथट होतात. फिल्टर न बदललेल्या गाड्यांचे टर्बो उघडले की हे डोळ्यांनी दिसतं.

लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे पिठाची चाळण: भोक मोठं तर कण जाणार, भोक लहान तर हवा अडणार. प्रत्यक्षात कागदाच्या तंतूंमधल्या फटी बऱ्याच कणांपेक्षा मोठ्या असतात. हवा तंतूला वळसा घालून जाते, जड कण वळू न शकल्याने तंतूवर आदळून चिकटतात, आणि अगदी बारीक कण इकडेतिकडे भरकटत तंतूला लागतात. पुढे जमलेली धूळच फिल्टरचं काम करायला लागते. म्हणून थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्याकोऱ्यापेक्षा चांगला गाळतो. निम्म्या अंतरावर बदला म्हटलं, याचा अर्थ दर महिन्याला बदला असा नाही.

फिल्टर तपासायची आयएसओ ५०११ ही ठरलेली चाचणी आहे. ठरावीक धूळ सोडून गाळणं, अडथळा आणि धूळ साठवायची क्षमता तिच्यात मोजतात. चांगले कागदी फिल्टर त्यात ९९ टक्क्यांच्या वर राहतात. के अँड एनसारखे तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर साधारण ९६ ते ९९ मध्ये येतात. आकडे जवळचे वाटतात, पण आत काय गेलं ते बघा. समजा एक ९९.५ टक्के गाळतो आणि दुसरा ९८. पहिल्यातून अर्धा टक्का धूळ गेली, दुसऱ्यातून दोन टक्के, म्हणजे चौपट. शहरातल्या दोन ग्रॅम धुळीवर या चौपटीला फारसा अर्थ नाही. मोशीच्या धुळीवर आहे. तेल न लावता वापरायचे कृत्रिम धाग्यांचे कोरडे फिल्टरही मिळतात, गाळण्यात ते कागदाच्या जवळ जातात आणि धुऊन वापरता येतात. तुम्हाला बाहेरचा ड्रॉप-इन घ्यायचाच असेल तर मी त्यांच्याकडे बोट दाखवेन. कुठल्याही फिल्टरच्या खोक्यावर ५०११ चे आकडे छापलेले नसतील आणि विचारून मिळत नसतील, तर ‘हाय फ्लो’ या शब्दावर पैसे टाकू नका.

तेल लावलेल्या एअर फिल्टरची दुसरी भानगड देखभालीची. धुवायचा, सावलीत पूर्ण सुकवायचा, मग त्याच्यासाठीचंच तेल मोजून लावायचं आणि ते जाळीभर पसरेपर्यंत थांबायचं. गॅरेजमध्ये एवढा धीर कुणाला नसतो. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर त्याचा तवंग पुढच्या हवामापक सेन्सरच्या तारेवर बसतो आणि सेन्सर चुकीचं वाचतो. सगळ्या टर्बो गाड्यांत हा सेन्सर नसतो, काही नुसत्या दाबावरून हिशेब करतात. डब्यातून बाहेर पडणाऱ्या पाईपवर वायरचा सॉकेट लावलेला सेन्सर दिसला तर काळजी घ्या.

आता ज्याबद्दल फार कमी बोललं जातं ते: फिल्टर डब्यात बसतो कसा. इंजिनात गेलेली धूळ मी पाहिलीय ती बहुतेक वेळा फिल्टरच्या कागदातून गेलेली नसते, ती कडेने गेलेली असते. बाहेरच्या काही फिल्टरची रबरी कड कंपनीच्या कडेपेक्षा किंचित पातळ किंवा टणक असते. झाकण बसतं, स्क्रू लागतात, पण एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहते. कधी दोष डब्याचा असतो: झाकण वाकलेलं, स्क्रूचे आटे मेलेले, कुणीतरी चार स्क्रूंऐवजी तीनच लावलेले. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते, त्यामुळे फिल्टर जितका जास्त मळलेला, तितकी त्या फटीतून जास्त हवा. तपासणी सोपी आहे. डब्याच्या ज्या कडेवर फिल्टर टेकतो तिथे बोटाने अगदी पातळ ग्रीस फिरवा, फिल्टर ठेवून झाकण पूर्ण लावा, परत उघडा. रबरावर ग्रीसचा ठसा चारी बाजूंनी सलग उठला पाहिजे. तुटलेला दिसला तर तिथून धूळ जाते. मग डब्यापुढच्या पाईपमध्ये पांढरं फडकं फिरवा. तेलाचा हलका डाग चालेल, पण बोटाला करकरीत लागणारी धूळ आली तर फिल्टर कुठल्या कंपनीचा आहे हा वाद नंतर घाला, आधी फट शोधा. कंपनीचा फिल्टर लावलेल्या गाडीतही हे करा. नकली खोक्यातले ‘ओरिजिनल’ फिल्टर बाजारात भरपूर आहेत. पार्ट नंबर तुमच्या चासी नंबरवरून काढून घ्या आणि अधिकृत काउंटरवरूनच घ्या. घड्या एकसारख्या अंतरावर आहेत का, डिंकाची रेघ सरळ आहे का, रबर मऊ आहे का, एवढं हातात घेतल्यावर कळतं.

शंका राहिलीच तर इंजिन ऑइलची तपासणी करून घ्या. ऑइल बदलताना नमुना प्रयोगशाळेला देता येतो. त्यात सिलिकॉन वाढलेलं असेल आणि सोबत लोखंडही वाढलं असेल तर धूळ आत जातेय असं समजा. नुसतं सिलिकॉन जास्त असेल तर घाबरू नका, गॅस्केटच्या सीलंटमधूनही ते येतं. एका अहवालावर निर्णय घेऊ नका, दोन-तीन बदलांचा कल बघा.

मायलेज वाढेल असंही तुम्हाला सांगितलंय. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये याची तपासणी केली होती. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत चोंदलेला फिल्टर बदलूनही मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, कारण हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप मात्र सुधारला, ६ ते ११ टक्क्यांनी. तोही पार चोंदलेल्या फिल्टरच्या तुलनेत. म्हणजे तुमचा सध्याचा फिल्टर खरोखर भरला असेल तर नवा कागदी टाकल्यावरच गाडी हलकी वाटेल. रिमॅपच्या आधी तो बदला आणि मग मोजा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

खर्चाचं एका ओळीत: धुऊन वापरायचा फिल्टर कागदीच्या काही पट महाग, आणि तीन-चार कागदी फिल्टरांनंतर पैसे वसूल. त्यात तेल, क्लीनर आणि तुमचा रविवार धरलेला नाही.

सर्व्हिस सेंटरच्या इशाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. वॉरंटी संपलेली आहे, आणि रिमॅप करणार असाल तर जबाबदारी तशीही तुमचीच.

माझं मत कधी बदलेल? आयएस-३८ सारखा मोठा टर्बो बसवलात, किंवा स्टेज टूला (रिमॅपसोबत भागही बदलण्याला) गेलात आणि लॉगमध्ये, म्हणजे गाडी चालताना ईसीयूतून काढलेल्या नोंदीत, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत वरच्या आरपीएमला फट दिसायला लागली, तर. तेव्हा आधी इंटरकूलर आणि टर्बोच्या तोंडाचा पाईप बघू, त्यानंतर बंद डब्याची किट, आत कोरडा फिल्टर. लॉग काढायला व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन यांपैकी एखादं गाडीला जोडायचं साधन पुरतं. रस्ता आणि अ‍ॅक्सिलरेटरची ओढ तीच, गिअर तोच, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान लिहून ठेवलेलं. एका थंड पहाटेचा लॉग आणि एका दुपारचा लॉग शेजारी ठेवून फिल्टरला श्रेय देऊ नका.

आता राहिलेले दोन प्रश्न. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरने हवा मारून फिल्टर ‘साफ’ करून देतात, ते टाळा. आठ-दहा बारची हवा जवळून मारली की कागदाच्या घड्या फाटतात, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि धुळीला कायमची वाट मिळते. बाहेरून आत मारली तर धूळ स्वच्छ बाजूला जाते. अगदीच गरज पडली तर फिल्टर टेबलावर अलगद आपटून सुटी माती झाडा, आणि तो बदलायची तारीख लिहून ठेवा.

पावसाळ्यात ताम्हिणीला जाण्याआधी डब्याच्या तळाचं पाणी निचऱ्याचं भोक मोकळं आहे का ते बघा, तिथे पाला-चिखल साचतो. ओला झालेला कागद फुगतो आणि हवा अडवतो, त्यामुळे मुसळधार पावसातून आल्यावर गाडी जड वाटली तर डबा उघडा. काही बाहेरच्या कोल्ड एअर किट फिल्टर खाली बंपरमागे नेऊन बसवतात. तुंबलेल्या रस्त्यावर असा फिल्टर थेट पाणी पितो, पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका, टो करून आणा. साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरून गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, जूनच्या आत बघून ठेवा.